ऑपरेशन कशासाठी, हे आधी विचारा

नमस्कार डॉक्टर मॅडम,

मी ३३ वर्षांची आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, गेली तीन वर्षं आम्ही चान्स घेतोय. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मी ऐरोलीला नोकरी करते. मार्चमध्ये एचएसजी (पिशवीत डाय सोडून काढलेला ट्यूबचा एक्स-रे) केली. रिपोर्टमध्ये उजव्या ट्यूबला 'कॉर्न्युअल ब्लॉक' आणि डावीबद्दल 'डायलेटेड, लॉस ऑफ म्युकोसल फोल्ड्स, नो स्पिल' असं लिहिलंय. एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) २.१ आहे. यांचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वी नॉर्मल आला होता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने ट्यूब उघडू, मग नैसर्गिकच दिवस राहतील. पुढच्या महिन्याची तारीखसुद्धा दिली आहे. दुसरीकडे विचारलं तर म्हणाले, ऑपरेशनच्या नादी लागू नका, सरळ आयव्हीएफ करा, वय थांबत नाही. ऑपरेशनला एक लाख वीस हजार सांगितलेत. आयव्हीएफचं पॅकेज एक लाख नव्वद हजार, औषधं वेगळी. आमच्याकडे बाजूला साडेतीन लाख आहेत आणि घराचा हप्ता चालू आहे. दोन्ही केलं तर हातात काहीच उरत नाही.

सासूबाई खूप चांगल्या आहेत, पण आयव्हीएफ म्हटलं की गप्प होतात. त्यांच्या ओळखीतल्या एकीला उत्तरबस्तीने (आयुर्वेदात खालून पिशवीत औषधी द्रव सोडतात ती) दिवस राहिले, तर आपणही ते आधी करून बघावं, असं त्यांचं म्हणणं. ट्यूब काढायचं नाव काढलं की आईसुद्धा घाबरते.

बाकी मला काही आजार नाही. कॉलेजात असताना छातीत पाणी झालं होतं, तेव्हा सात-आठ महिने गोळ्या घेतल्या, नंतर कधी त्रास नाही. पाळी वेळेवर येते, हल्ली जरा कमी जाते. ऑपरेशन करू की आयव्हीएफ?

एक वाचक, ठाणे

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट 'बाकी मला काही आजार नाही' याच्या मागे दडली आहे. तुम्ही ती दडवली असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचं दुखणं आणि आजची ट्यूब यांचा संबंध कुणी जोडून दाखवल्याशिवाय तो लक्षात येत नाही. पण आपल्याकडे कॉलेजातल्या मुलीच्या छातीत पाणी होतं आणि सात-आठ महिने गोळ्या चालतात, तेव्हा तो बहुतेक वेळा टीबी असतो. घरात तो शब्द उच्चारत नाहीत. पुढे मुलीचं लग्न जमायचं असतं, म्हणून 'छातीत पाणी' एवढ्यावर भागवतात आणि फाईल माळ्यावर जाते. आईला फोन करून ती फाईल आधी शोधायला सांगा. गोळ्यांची नावं, किती महिने घेतल्या, पाणी काढून तपासलं होतं का, यातलं जे मिळेल ते. कागद नसतील तर आईची आठवणही चालेल. गोळ्या चालू असताना लघवी लालसर व्हायची का, हे नक्की विचारा. रिफॅम्पिसिनने ती होते आणि आयांच्या ते लक्षात राहतं.

टीबीचे जंतू फुप्फुसाकडून रक्तावाटे ट्यूबपर्यंत पोचतात आणि तिथे वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात. ताप नाही, खोकला नाही, वजन जागच्या जागी. बाई ठणठणीत असते, फक्त दिवस राहत नाहीत. स्त्रीच्या जननमार्गाला टीबी झाला की जवळजवळ प्रत्येकीच्या ट्यूब त्यात सापडतात आणि साधारण निम्म्या जणींत गर्भपिशवीचं अस्तरही. म्हणूनच 'पाळी हल्ली जरा कमी जाते' या वाक्याशीही मी थांबले. ते वयाचं किंवा ताणाचं असू शकतं, पण अस्तराला इजा झाल्याचंही असू शकतं. आयव्हीएफला ट्यूब लागत नाही, अस्तर मात्र लागतंच. तुमचं अस्तर अजून कुणी तपासलेलं दिसत नाही आणि इकडे ऑपरेशनची तारीख ठरली, तिकडे पॅकेजचा आकडाही सांगून झाला.

तुम्हाला टीबी आहेच, असं मी म्हणत नाही. तेव्हा पूर्ण कोर्स झाला असेल तर आत फक्त जुना वण असेल. किंवा ट्यूब भलत्याच कारणाने बिघडल्या असतील: क्लॅमिडियासारखं न कळता होऊन गेलेलं इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), कधीतरी फुटलेलं अपेंडिक्स. पण हा प्रश्न सोडवल्याशिवाय पोटात दुर्बीण घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टीबी आत चालू असताना ट्यूबवर चाकू चालवला तर दबलेलं दुखणं भडकू शकतं. शिवाय टीबीने खराब झालेली ट्यूब उघडून फायदा होत नाही. ती पुन्हा चिकटते. आणि उघडी राहिलीच तर गर्भ पिशवीऐवजी ट्यूबमध्येच रुजण्याची भीती मोठी.

यासाठी पाळीच्या आधीच्या आठवड्यात गर्भपिशवीच्या अस्तराचा छोटा नमुना घेतात. ओपीडीत होतं, पाच-दहा मिनिटांचं काम, पोटात कळ येते तेवढीच. त्या महिन्यात चान्स घेऊ नका किंवा आधी प्रेग्नन्सी टेस्ट करून जा. नमुन्याचे भाग करून तीन ठिकाणी पाठवायला सांगा: सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, सीबीनॅटला (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला). सीबीनॅटचा निकाल दोन-तीन दिवसांत मिळतो, कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. नमुना सगळाच्या सगळा फॉर्मलिनच्या बाटलीत गेला की कल्चर होत नाही. कल्चरचा भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवायचा असतो. हे डॉक्टरांना माहीत असतंच, पण गर्दीच्या ओपीडीत राहून जातं, म्हणून आठवण करायला लाजू नका. सोबत छातीचा एक्स-रे. मँटू किंवा रक्ताची टीबी गोल्ड टेस्ट कुणी सांगितली तर करा, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आत्ता आजार आहे असं होत नाही. जंतू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच ती सांगते. तुमच्या बाबतीत तर ती पॉझिटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. नुसत्या तशा रिपोर्टवर किंवा एकट्या पीसीआरवर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) सहा महिन्यांचा कोर्स सुरू करणारे भेटतात. तिथे दुसरं मत घ्या. आणि खरोखर आजार निघालाच तर औषधं सरकारी आणि पालिकेच्या केंद्रांत फुकट मिळतात. सहा महिने जातात, पण ते वाया जात नाहीत.

आता ट्यूबकडे येऊ. तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली आणि दोघांचं बोलणं डाव्या ट्यूबभोवती फिरत असणार, कारण फिल्मवर तीच ठळक दिसते. माझ्या मते तुमचा निर्णय उजवीवर आहे.

ट्यूब दहा-बारा सेंटिमीटरची. तिचं बाहेरचं टोक पदराच्या गोंड्यासारखं मोकळं असतं आणि बीजकोषावरून स्त्रीबीज उचलून घेतं. आत मऊ घड्या असतात, त्यांवर डोळ्याला न दिसणारी केसाळ लव. बीज आणि शुक्राणू ट्यूबमध्येच भेटतात, गर्भ तयार होतो आणि ती लव त्याला चार-पाच दिवसांत पिशवीपर्यंत आणून सोडते. तुमच्या रिपोर्टमधलं 'लॉस ऑफ म्युकोसल फोल्ड्स' म्हणजे डावीच्या आतल्या या घड्या सपाट झाल्या आहेत. टोक बंद, आत पाणी साचलेलं, भिंत ताणलेली. याला हायड्रोसॅल्पिन्क्स म्हणतात. अशा ट्यूबचं टोक दुर्बिणीने उघडता येतं, दहा मिनिटांत पिशवीतून सोडलेला निळा रंग बाहेर पडताना स्क्रीनवर दिसतो आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला 'ट्यूब खुली झाली' असं सांगता येतं. ते खोटं नसतं. पण आतली लव परत येत नाही. उघडी ट्यूब आणि काम करणारी ट्यूब यांत फरक आहे, आणि तो फरक ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षं वाट बघून झाल्यावर कळतो. ट्यूब थोडीच फुगलेली, भिंत पातळ, घड्या शाबूत, आजूबाजूला चिकटलेलं फार नाही, अशा बाईला मीही ऑपरेशन सुचवते. तुमचा रिपोर्ट तसा नाही.

उलट ही डावी ट्यूब तशीच ठेवून आयव्हीएफ करणंही शहाणपणाचं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी 'ऑपरेशनच्या नादी लागू नका' म्हणताना याबद्दल काही बोलले का, ते मला कळायला हवं होतं. त्या साचलेल्या पाण्याला बाहेरचा रस्ता बंद असल्यामुळे ते उलट पिशवीत झिरपतं. गर्भ रुजायच्या वेळी तिथे ते पाणी नको असतं. हायड्रोसॅल्पिन्क्स असलेल्या बाईत आयव्हीएफचं यश साधारण निम्म्यावर येतं, हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे, आणि आधी ती ट्यूब काढली किंवा पिशवीजवळ क्लिप लावून बंद केली तर यश पुन्हा वर जातं, हेही नीट अभ्यास होऊन सिद्ध झालंय. म्हणजे एक डॉक्टर ऑपरेशन म्हणताहेत ते ट्यूब उघडायला, आणि तुम्हाला ऑपरेशन लागलं तर ते बहुधा ती बंद करायला किंवा काढायला लागेल. शब्द तोच, काम अगदी उलट. म्हणून कुणीही 'दुर्बिणीने बघू' म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारा: बघून काय करणार? उघडणार, काढणार, की नुसतं बघून बाहेर येणार? 'आत गेल्यावर ठरवू' हे उत्तर पुरेसं नाही. काय दिसलं तर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी आणि डॉक्टरांनी आधी बसून ठरवायचं आणि संमतीपत्रावर लिहायचं. भूल दिलेल्या बाईला विचारता येत नाही, आणि बाहेर घाबरून बसलेल्या नवऱ्याला विचारणं बरोबर नाही.

आता उजवी. तिचा ब्लॉक पिशवीच्या कोपऱ्याशीच आहे, तिथे ट्यूबचं तोंड सुईच्या भोकाएवढं असतं. एचएसजीत डाय सोडताना कळ आली की तिथला स्नायू आवळला जातो आणि चांगल्या ट्यूबचीही फिल्म 'बंद' म्हणून येते. कधी आत नुसता चिकट स्राव अडकलेला असतो. एचएसजीतल्या कॉर्न्युअल ब्लॉकवर म्हणूनच मी चटकन विश्वास ठेवत नाही. पुन्हा तपासल्यावर यातल्या बऱ्याच ट्यूब खुल्या निघतात. तुम्हाला त्या वेळी खूप दुखलं होतं का? दुखलं असेल तर ती शंका आणखी बळावते. खरा अडथळा असला तरी हिस्टरोस्कोपीतून (खालून पिशवीत घातलेली दुर्बीण) बारीक कॅथेटर, म्हणजे नळी, घालून तो बहुतेक वेळा मोकळा करता येतो. तसं केलेल्यांपैकी काहींची ट्यूब काही महिन्यांत पुन्हा बंद होते, हे आधीच माहीत असू द्या. आणि कॅथेटर सहज जात नसेल तर जोर करायचा नाही.

तेव्हा अस्तराचा नमुना स्वच्छ आला तर माझं म्हणणं असं: हिस्टरोस्कोपी आणि लॅपरोस्कोपी (पोटातून घातलेली दुर्बीण) एकाच भुलीत करा. आत टीबीच्या खुणा, चिकटलेली आतडी, ट्यूबवर गाठी दिसल्या तर कल्चर निगेटिव्ह असलं तरी चित्र बदलतं, कारण या टीबीत जंतू इतके थोडे असतात की तपासणीत हुकतात. मग ट्यूब वाचवायचा विचारच सोडायचा. तसं काही नसेल, उजवीतून निळा रंग आपोआप किंवा हलक्या कॅथेटरने बाहेर पडला, आणि तिचं टोक निरोगी दिसलं, तर डावी काढून टाकायची आणि सहा महिने, फार तर वर्षभर घरीच चान्स घ्यायचा. डावीचं पाणी पिशवीत यायचं थांबलं की एका चांगल्या ट्यूबवर दिवस राहतात. पाळी चुकली की मात्र आनंदात आठवडे काढायचे नाहीत. लगेच रक्ताची बीटा एचसीजी (दिवस राहिल्याची तपासणी) आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी, कारण ट्यूबवर काम झालेल्या बाईत गर्भ ट्यूबमध्ये रुजण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. पोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्यात कळ असं काही झालं तर रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठायचं.

उजवी उघडली नाही किंवा टोकाशीही बिघडलेली निघाली, तर दोन्ही टोकांना बंद असलेल्या ट्यूबशी झगडायचं नाही. डावी काढायची किंवा क्लिप करायची आणि थेट आयव्हीएफ. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या छातीच्या पाण्यामुळे मला हाच रस्ता जास्त संभवनीय वाटतो. खोटी आशा दाखवून पुढच्या महिन्याच्या तारखेला पाठवण्यापेक्षा हे आत्ताच सांगितलेलं बरं.

आईला सांगा की ट्यूब काढणं म्हणजे पिशवी काढणं नव्हे, बीजकोष काढणंही नव्हे. पाळी येत राहते, हार्मोन्स तीच राहतात, चेहऱ्यावर केस येत नाहीत, पाळी लवकर जात नाही. (हे सगळे प्रश्न मला विचारून झालेले आहेत.) एक काळजी खरी आहे: ट्यूब आणि बीजकोष यांचा रक्तपुरवठा शेजारी शेजारी असतो, म्हणून सर्जनने ट्यूबला अगदी चिकटून काम करायला हवं. आत फार चिकटलेलं असेल तर काढायचा हट्ट न धरता क्लिप लावून बाहेर यावं. हे काम आयव्हीएफच्या पेशंट नियमित करणाऱ्या सर्जनकडून करून घ्या.

यांची वीर्यतपासणी पुन्हा करा, दोन वर्षांपूर्वीची चालणार नाही. दोन ते पाच दिवसांचा संयम आणि प्रयोगशाळेतच दिलेला नमुना. तुमच्यावर लाखभराचं ऑपरेशन होण्याआधी काही शे रुपयांची ही चाचणी व्हायलाच हवी. शुक्राणू फारच कमी निघाले तर उजवी ट्यूब उघडूनही उपयोग नाही आणि वरचा सगळा हिशोब एका कागदाने बदलतो.

उत्तरबस्तीबद्दल मी सासूबाईंच्या श्रद्धेशी भांडणार नाही, पण तुम्ही ती घेऊ नका. फुगलेल्या, टोकाला बंद ट्यूबमध्ये खालून कोणताही द्रव सोडणं म्हणजे इन्फेक्शनला वाट देणं. आम्ही एचएसजी करतानासुद्धा ट्यूब फुगलेली दिसली की अँटिबायोटिक देतो ते याच कारणाने. टीबीची शंका असताना तर नाहीच. पोट चोळून घेणं, नस उतरवणं, तेही नको. ओळखीतल्या बाईला दिवस राहिले असतील तर मला आनंदच आहे. तिचा ब्लॉक नुसता स्नायू आवळल्याचा असेल, तर ते तसेही राहिले असते.

सासूबाई आयव्हीएफ म्हटलं की का गप्प होतात, हे मला बाहेरून सांगता येणार नाही. कुणाला ते 'दुसऱ्याचं बीज' वाटतं, कुणाला खर्च दिसतो, कुणाला नातेवाइकांना काय सांगायचं ही चिंता असते. तुम्ही तिघं एकदा चहाला बसा आणि हे यांनीच सांगायचं, तुम्ही नाही: बीज तुमचं, शुक्राणू यांचे, फक्त भेट ट्यूबऐवजी प्रयोगशाळेत. त्यांना हेही सांगा की आयव्हीएफ जन्माला आलं तेच बंद ट्यूबसाठी. १९७८ मध्ये इंग्लंडात जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ झालं, त्याच्या आईच्या ट्यूब बंद होत्या. आपल्याकडे परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं, तेही पालिकेच्या रुग्णालयात. सासूबाईंच्या पिढीला ती बातमी आठवत असेल. पेपरात फोटो आले होते.

आयव्हीएफबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्ही त्याला अजून पोचलेला नाहीत. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, त्यात चार-पाच वेळा सोनोग्राफी, बहुतेक सकाळी. मग थोड्या वेळाची भूल देऊन स्त्रीबीजं काढतात. सेंटर निवडताना हे सकाळचं वेळापत्रक आणि घोडबंदर रोड डोळ्यांसमोर ठेवा. कासारवडवलीहून मुंबईतल्या एखाद्या नामांकित ठिकाणी जाऊन मग ऐरोलीला वेळेवर पोचणं दोन आठवडे जमणार नाही. मानपाड्यापर्यंत किंवा तुमच्या ऑफिसच्या बाजूला बघा. कायद्याने सेंटरची नोंदणी २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली हवी, आणि ती लेव्हल २ ची. लेव्हल १ वाल्यांना फक्त आययूआयची (शुक्राणू थेट पिशवीत सोडण्याची) परवानगी असते. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, वाचायला थांबा.

जाहिरातीच्या फलकावर 'सक्सेस ८० टक्के' दिसला तर विचारा, कशाचे टक्के? पॉझिटिव्ह टेस्टचे, ठोके दिसण्याचे, की बाळ घरी नेण्याचे? ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था आकडे जाहीर करते. तिथे पस्तिशीच्या आतल्या बायकांत दर ट्रान्सफर केलेल्या गर्भामागे साधारण तीनात एक बाळ जन्माला येतं. यापेक्षा फार मोठं वचन कुणी दिलं तर सावध व्हा. आणि एक सायकल म्हणजे एक ट्रान्सफर नव्हे. चांगले गर्भ उरले तर ते गोठवून पुन्हा वापरता येतात, पुढच्या वेळी सगळी इंजेक्शनं लागत नाहीत. एक लाख नव्वदमध्ये भूल, गोठवणं, साठवणीचं वार्षिक भाडं आणि गोठवलेल्या गर्भाचं ट्रान्सफर धरलंय का, ते लेखी घ्या. पॅकेज तिथेच फुगतं. शुक्राणू चांगले असतील तर इक्सीचे (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडण्याचे) वेगळे पैसे कशाला, हेही विचारा. जुळ्यांचा मोह धरू नका. एका वेळी एकच गर्भ सोडायला सांगा. अपुऱ्या दिवसांच्या दोन बाळांचं एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल साडेतीन लाखांत बसत नाही.

म्हणजे पैसे ऑपरेशनवर आटवून आयव्हीएफच्या वेळी हात रिकामा राहू द्यायचा नाही, हे तुमच्या प्रश्नाचं पैशापुरतं उत्तर. मेडिक्लेमच्या साध्या पॉलिसीत वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात. अपवादांच्या यादीत १७ क्रमांकाचा कोड तोच आहे. पण हायड्रोसॅल्पिन्क्स हा स्वतःच एक आजार आहे, आणि कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत कधी कधी यातलं काही बसतं. तुमच्या आणि यांच्या, दोन्ही एचआरला मेल टाकून लेखी विचारा. कागदावर निदान खरं तेच लिहायचं, डॉक्टरांना दुसरं काही लिहायची गळ घालायची नाही. क्लेम नाकारला जातो तो बहुधा तिथेच. विम्यात बसत नसेल तर लॅपरोस्कोपीसाठी कळव्याच्या पालिका रुग्णालयात किंवा केईएम, सायनला स्त्रीरोग विभागात चौकशी करा. रांगा आहेत, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, तारीख लांबची मिळते. पण तुमच्याकडे कल्चरच्या निकालापर्यंत सहा आठवडे तसेही आहेत आणि या कामाला लागणारा हात तिथे रोज चालतो.

मी स्वतः आता ऑपरेशन करत नाही आणि आयव्हीएफ सेंटर कधी चालवलं नाही, त्यामुळे मला यात कुणाचीच बाजू घ्यायची नाही. तुमचे दोन्ही डॉक्टर तुम्हाला फसवताहेत, असं मला वाटत नाही. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला त्याचाच रस्ता आधी दिसतो. पण दोघांपैकी कुणालाही तुम्ही छातीतल्या पाण्याबद्दल सांगितलं नसेल, अशी मला दाट शंका आहे. ते आधी सांगा. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन म्हणा, 'तारीख सहा आठवडे पुढे घेऊया, आधी अस्तराचा नमुना घ्या.' चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. ३३ व्या वर्षी, २.१ एएमएचवर, सहा आठवड्यांनी तुमचं काही बिघडत नाही. एचएसजीचा नुसता टाईप केलेला रिपोर्ट नको, मूळ फिल्म किंवा सीडी सोबत न्या, आणि खालून केलेली चांगली सोनोग्राफी नसेल तर तीही करून घ्या. डावीतलं पाणी सोनोग्राफीत स्पष्ट दिसत असेल, तर ती ट्यूब काढायची की ठेवायची यावर फार वाद उरत नाही.

नमुन्याचे रिपोर्ट, यांचा रिपोर्ट आणि ती जुनी फाईल हाती आली की पुन्हा लिहा. तुमच्या पत्रात दुखण्याबद्दल काहीच नाही, तेही लिहा: पाळीत, संबंधाच्या वेळी, एरवी ओटीपोटात. एंडोमेट्रिओसिस निघालं तर वर लिहिलेलं यातलं बरंचसं मला वेगळं सांगावं लागेल.